बाह्या नेहमीप्रमाणे जोडा

दोनशे वर्षांपूर्वीच्या बायका झग्यात श्वास कसा घेत, हे इतिहासमावशींना तोंडपाठ होतं. आजची बाई सुईत दोरा कसा ओवते, हे मात्र त्या कधीच विसरल्या होत्या. तीस वर्षं त्या घरी शिवणाऱ्यांसाठी जुन्या पोशाखांचे कागदी पॅटर्न काढत होत्या. पाकिटावर ‘अगदी सोपे’ छापलेलं असे आणि आतून बावीस तुकडे निघत. बायका पाकीट हौसेनं नेत आणि कपाटात जपून ठेवत.

शेवटी प्रकाशकबाईंनी अट घातली. उंच कमरेचा नवा झगा ‘नवशिक्यांसाठी’ म्हणून छापायचा, तर कधीही सुई न धरलेल्या बाईनं नुसती सूचनापत्रिका वाचून तो शिवायचा आणि घालून दाखवायचा. मावशींनी चकार शब्द काढायचा नाही. जमलं नाही, तर मावशींची मालिका बंद!

अशी बाई घरातच होती. मावशींची थोरली नणंद. बटण तुटलं की नणंदबाई कपडाच बदलत.

“वहिनी, तू खरंच गप्प बसणार?”

“हो, वन्सं.”

“मग आत्ताच बसते शिवायला. असा योग पुन्हा नाही.”

खबरदारी म्हणून मावशींनी ओठांत पाच टाचण्या धरल्या. कापणं झालं, कंबर जोडून झाली. नवव्या पायरीला नणंदबाई अडल्या.

“‘बाह्या नेहमीप्रमाणे जोडा.’ नेहमीप्रमाणे? मी काय रोज बाह्या जोडत फिरते?”

“म्म्म्!”

“उजव्या मुंढ्याला हीच बाही ना?”

मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं.

“बरं, हीच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाशकबाईंसमोर नणंदबाई झगा घालून आल्या. जुन्या पद्धतीच्या त्या बाह्यांना कोपराशी बाक होता आणि त्यांची अदलाबदल झाली होती. बाई पुढे येत होती, हात मागे निघाले होते.

“बसलाय छान,” नणंदबाई म्हणाल्या. “चहा तेवढा पाठीमागून द्या.”

प्रकाशकबाईंनी लाल पेन्सिल उचलली. ‘वन्सं, एवढंही कळू नये?’ हे वाक्य मावशींच्या जिभेवर तयार होतं. त्यांनी ते गिळलं.

“चूक वन्संची नाही. ‘नेहमीप्रमाणे’ मी लिहिलं.”

नणंदबाई मटकन खुर्चीत बसल्या. “बाई, हिला संध्याकाळपर्यंत वेळ द्या. चूक कबूल केलीय हिनं! तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकतेय मी.”

वेळ मिळाला. मग नणंदबाई सांगत गेल्या आणि मावशी लिहीत गेल्या. “तुकड्यावर डावी-उजवी ठळक छाप. कोपराचा बाक पोटाच्या बाजूला, असं लिही. आणि शिवण्याआधी टाचून हात घालून बघा, हेही लिही. आम्हाला काय स्वप्न पडतं?”

संध्याकाळी नवी पत्रिका समोर ठेवून प्रकाशकबाईंनी स्वतःच बाही जोडायला घेतली. आयुष्यभर पॅटर्न छापले होते, शिवला एकही नव्हता. तासाभरानं त्यांनी हात घातला. कोपर पुढे वाकलं. त्यांनी ते चारदा वाकवून पाहिलं आणि पाकिटावर ‘नवशिक्यांसाठी’चा शिक्का मारला.

नणंदबाईंनी लाल पेन्सिल मागून घेतली आणि वरचं ‘अगदी सोपे’ खोडून टाकलं.

“अहो वन्सं!”

“टाचण्या कुठायत गं तुझ्या?”