सरकारी झाल्याचे पेढे

निहार, सई, आज तुम्हा दोघा नातवंडांना मुद्दाम लिहिते आहे. निहार, काल तू परदेशातून फोनवर हसत सांगितलंस, "आजी, आमची रेल्वे कंपनी सरकार घेतंय. आम्ही ड्रायव्हर लोकांनी केक कापला!" मला हसता आलं नाही.

आज स्टेशनवर गेले होते. बाहेर चौथऱ्यावर, माझे बाबा इथल्या छोट्या रेल्वेवर चालवत ते जुनं इंजिन उभं आहे. एक रंगारी त्याला हिरवा रंग देत होता. रेल्वे खासगी कंपनीची होती तेव्हा एका ड्रायव्हरचं एकच इंजिन असे. बाबा घरून चिंच नेऊन त्याचं पितळ घासत. सरकारने ती छोटी रेल्वे घेतली तेव्हा त्यांनी आळीभर पेढे वाटले. मग ऑफिसातला कारकून म्हणाला, "काका, तुमची नोकरी आजपासून धरली. कंपनीतली वर्षं मोजायची नाहीत." कालच्या पोरांच्या हाताखाली ते यार्डात डबे जोडत-सोडत राहिले, पगार कमी झाला, आणि निवृत्त झाले तेव्हा पेन्शनपुरती वर्षंच भरली नव्हती. "वाटा आता पेढे!" आई म्हणायची आणि पदरात तोंड लपवायची. बाबा अंगणात पितळी तांब्या घासत बसत. लख्ख झाला तरी घासतच राहत.

निहार, तुझी वर्षं कुठून धरणार ते लेखी घे रे. इथून मी दुसरं काय करू शकते?

रंगारी पितळेवरूनही ब्रश फिरवायला लागला. मी म्हटलं, "अहो, ते पितळ आहे."

"सगळंच रंगवायला सांगितलंय, आजी."

बाबांच्या नोकरीतलं ते इंजिन तेवढं शिल्लक आहे. सरकार त्याला दरवर्षी रंग देतं.