ओठांकडे बघणारा माणूस

सिनेमा हसायचा होता आणि आम्ही हसतच होतो. सुरतेत नवागामच्या आमच्या खोलीत सून आणि शेजारची गुजराती बाई साड्यांवर टिकल्या चिकटवत बसलेल्या, नात टीव्हीला नाक लावून, मी खाटेवर आणि आमचे म्हातारबुवा माझ्या शेजारी. त्यांना ऐकू येत नाही, पण सगळे हसले की तेही हसतात.

सिनेमातली पोरगी मानसशास्त्र शिकणारी. तिच्या कॉलेजात एक प्रयोग चालतो. अनोळखी पोरगा-पोरगी समोरासमोर बसवायचे, बोलायचं नाही, नुसतं एकमेकांकडे बघत राहायचं आणि प्रेम होतं का ते तपासायचं. नायक आधी खिदळला, मग बघता बघता त्याचे डोळे भरले.

"असं होत असतं तर मी दूधवाल्याच्या प्रेमात पडले असते," सून म्हणाली. "पाणी घालतो म्हणून रोज डोळे वटारते मी त्याच्यावर."

"अमारा ए तो ऊंघी जशे!" शेजारीण म्हणाली. समोर बसवलं तर तिचा नवरा झोपूनच जाईल म्हणे.

नात मात्र डोळे पुसत होती. मला तिचं हसू आलं आणि थोडं भरूनही आलं. कारण आमच्या घरात हा प्रयोग लग्नापासून चालू आहे.

हे उधन्याला कापडाच्या लूमवर कामाला होते. शंभर माग एकदम खडखडत असले की कारखान्यात शब्द ऐकू येत नाही. कारागीर एकमेकांचे ओठ वाचून बोलतात. त्यात यांचे कान लवकरच गेले. आता हे मला कुणी सांगायचं? मी खानदेशातून आलेली नवी नवरी, अकलेने जेमतेम. मी बोलले की हा माणूस टक लावून माझ्या तोंडाकडे बघायचा. मला वाटलं, काय निर्लज्ज आहे! मी पदर नाकापर्यंत ओढून बोलायला लागले. म्हणजे हे आणखी जवळ येऊन बघायचे. शेवटी मी शहाणी सासूबाईंकडे तक्रार घेऊन गेले, आणि सासूबाईंनी शेजारपाजार गोळा होईल इतकं झापलं त्यांना. बिचारे मान खाली घालून ऐकत होते. ऐकत कसले, मान खाली होती म्हणजे त्यांना काहीच कळलं नाही!

नंतर चाळीतल्या एका कारागिराच्या बायकोने मला कारण सांगितलं. मग मी त्याचा फायदाच घेतला. पाहुण्यांनी घर भरलेलं असलं की मी आवाज न करता नुसत्या ओठांनी यांना शिव्या द्यायचे. "गधडा", "भोपळा", तोंडाला येईल ते. हे चेहरा न हलवता तसंच परत करायचे. सासूबाईंना वाटायचं, सून किती मुकी आहे. आमचा सगळा संसार असा ओठांवर झाला. भांडणं तशीच, लाडही तसेच.

गेल्या वर्षी यांना काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायची. औषधाचे थेंब मी टाकते. "बरं दिसतं," हे म्हणतात. रोज म्हणतात. मी विचारायचं टाळत होते.

तर नातीने टीव्ही थांबवला आणि टाळ्या वाजवल्या. "आजी, आता तुम्ही दोघं करा! आबा, आजीकडे बघा!" तिने त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी माझ्याकडे वळवला.

हे बघायला लागले. नेहमीसारखं ओठांकडे.

"आबा, डोळ्यांत बघायचं असतं!" नात ओरडली. सगळ्या हसल्या.

मला जुनी खोडी सुचली. मी ओठ हलवले, "गधडा."

हे गोड हसले आणि मान हलवून म्हणाले, "हो."

"केटलुं सरस!" किती छान म्हणे, शेजारणीला कौतुक. सुनेने साडी बाजूला ठेवली, नातीने फोटो काढला. मी पुन्हा म्हणाले, सावकाश, ओठ मोठे करून, "भोपळा."

"हो, हो," हे म्हणाले.

मी खाटेवरून उठले. डोळ्यांत कचरा गेला असं सांगितलं. नातीला म्हणाले, "लाव पुढचं, लग्न होतं का बघू दे त्यांचं."

दुसऱ्या दिवशी सगळे कामाला गेल्यावर मी यांना हाताला धरून दारात उन्हात बसवलं. माझा चेहरा त्यांच्या चेहऱ्याच्या इतका जवळ नेला की नाकाला नाक लागेल. या वयात! कुणी बघितलं असतं तर सासूबाईंच्या फोटोलाही घाम फुटला असता. मी त्यांचं बोट माझ्या ओठांवर ठेवलं आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, "माझे ओठ दिसतात का?"

ते खूप वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तू हलतेस, तेवढं दिसतं."

"मग काल हो-हो का करत होतात? मला सांगायचं नाही का?"

त्यांनी माझ्या तोंडाच्या दिशेने नीट बघितलं, आणि हसून म्हणाले, "हो."