रेडिओ ठेवायचा कुठं

त्या दिवशी दारात कोन कोन होतं ते आधी सांगते, म्हंजी मागनं कोनी म्हनायला नको का मी तिथं न्हवतो. मी होते. माजा ल्योक होता. त्याची बायको, म्हंजी माजी सून, ती होती. कालिजात जानारी नात होती. चाकण रोडला ज्यांचं भंगाराचं दुकान हाय ते चाचा होते, न् त्यांचा टेम्पोवाला. सातवा रेडिओ. तो आमच्यात सगळ्यात म्हातारा. माज्यापरीस बी म्हातारा, म्हनून त्याला मान जास्ती.

रेडिओ म्हंजी हातात धरायचा न्हवं. कपाटायेवढा, लाकडाचा, चार पायावर उभा. वरती झाकन, त्यात तबकडी फिरवायची सोय. फुडं कापड लावलेलं, ते फाटलेलं. लेकानं तो चाचांच्या दुकानात बघितला न् घरी येऊन म्हनला, "आई, सायबाच्या बंगल्यातल्यासारखा हाय गं. अगदी तसाच."

तो बंगला मला ठावं हाय. आमी इकडं आलो तवा कंपन्या न्हवत्या, कंपन्यांचे खड्डे व्हते, न् ते बी आमीच खांदायचो. सिमिटाच्या मोठ्या पायपात झोपलो. पायपात येक बरं असतं, भिंत कुठली न् छप्पर कुठलं हा वाद न्हाई. मंग मालकांना येका सायबाच्या बंगल्यावर वॉचमनची नोकरी लागली. तिथं असला रेडिओ व्हता. आमाला आत जायची परवानगी न्हवती, पन आवाज भायेर यायचा. आवाजाला कुठला वॉचमन! माजा ल्योक तवा ल्हान. कुंपनाला नाक लावून ऐकत उभा ऱ्हायचा.

आता तो बी आजोबा व्हायच्या वयाला आला. चाकणच्या कंपनीत तो ज्या खात्यात कामाला व्हता, ते खातंच त्यांनी बंद केलं. हार घातला, नारळ दिला, फोटो काढला न् घरी धाडला. हार चांगला मोठा व्हता. तवापास्नं तो भिंतीकडं तोंड करून पडायचा. आन् आता म्हनायला लागला, हा रेडिओ घेतो, खोलतो, पॉलिश करतो, वाजता करतो.

सून म्हनली, "आधी तुमी वाजते व्हा."

नात म्हनली, "मम्मी, विंटेज आहे ते. पुनावळ्याच्या कॅफेत असे ठेवतात. वाजत नाहीत, नुसते दिसायला. लोक फोटो काढतात त्यांच्यासोबत."

"नुसती दिसायला मी पन हाय की घरात. माज्यासंगं कोन काढतंय फोटो?" सून म्हनली.

असं चार दिस चाललं. घ्यायचा का न्हाई, वाळवी आसंल का, आतल्या काचंच्या नळ्या कुठं मिळतील. माजं मत कोनी इचारलं न्हाई. म्या पन दिलं न्हाई. न इचारलेलं मत म्हंजी आळनी भाजी, पुढ्यात ठिवली तरी कोन खात न्हाई.

मंग लेकानं टेप काढला. कंपनीत माप घ्यायच्या कामालाच व्हता, हाताला सवय. आमचं काळेवाडीचं घर म्हंजी येक खोली न् सैपाकघर. ह्या भिंतीला फ्रीज, त्या भिंतीला कपाट न् टीव्ही, तिसरीला दार. चौथी खिडकीची भिंत. तिथं माजी कॉट. तो सगळीकडं टेप लावून आला न् माज्यापाशी थांबला.

"आई, जरा पाय वर घे."

म्या पाय वर घेतले. त्यानं माप घेतलं. मनातच कायतरी जुळवलं न् खूश झाला. मी पाय खाली सोडले. त्या खिडकीतनं गल्ली दिसती, वारा येतो, न् गुडघे गेल्यापास्नं मला कॉटवरनंच उठता येतं, भुईवरनं न्हाई. हे घर बांधलं तवा पयल्यांदा मला झोपायला माजी अशी जागा मिळाली. पायपात काय, जो आधी शिरंल त्याचा पाइप.

खंडेनवमीला चाचा टेम्पो घेऊन आले. पसंतीवर आनला व्हता. "अम्मा, बघून घ्या. पसंत नाय पडला तर आत्ताच्या आत्ता परत नेतो. जबान हाय आपली." रेडिओ गल्लीत उतरवला, लेकाच्या मोटरसायकलच्या नि टेम्पोच्या मधी.

लेकानं मागची फळी खोलली. आत उंदराचं घर! कागदाचे तुकडे, लेंड्या. दोन नळ्या जाग्यावर न्हाईत. वायरी कुरतडलेल्या.

सून दारात कमरंला पदर खोचून उभी. "बघा. भाडेकरू संगटच आनलाय. चाचा, घेऊन जा तुमचा हा वाडा."

लेकाचं तोंड उतरलं. चाचा पन खरे मानूस, वाद घातला न्हाई. "बराबर हाय भाबी, काम लई निगंल ह्याच्यात." त्यांनी टेम्पोवाल्याला हाक मारली, दोरी काढ म्हनले. मी मनातल्या मनात कॉटवर आडवी झाले. वाईट वाटलं लेकाचं, खोटं कशाला सांगू. पन आडवी झाले.

आता खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात. माज्या माहेरी कोयता-इळा पुजायचे, हितं पान्हे, मिक्सर, वाशिंग मशीन, जे जे काय फिरतं ते सगळं. सुनेचं ताट तयारच व्हतं. टेम्पो निगायच्या आत त्याची बी पूजा व्हावी, दारात आलेलं वाहन हाय, म्हनून ती ताट घेऊन भायेर आली. मोटरसायकलला हळदकुंकू लावलं, फूल वायलं. तशीच फुडं सरकली, तोंडानं लेकीला वरडतीया, "अगं, नारळ आन की, मोबाईल ठिव!" आन् हात आपलं काम करतोय. रेडिओला हळद, कुंकू, अक्षदा, झेंडू. मंग टेम्पोला.

टेम्पोवाल्याच्या हातात दोरी तशीच ऱ्हायली.

सुनेनं मागं वळून बघितलं. रेडिओ कपाळाला कुंकू लावून उभा. "अगं बया!"

चाचा हसाय लागले. "भाबी, आता कसा नेऊ? पूजा केलेली चीज भंगारात टाकली तर तुमी मला गल्लीत पाय ठेवू द्याल का?"

"मी चुकून लावलं!"

"लागलं ते लागलं," ल्योक म्हनला. कितीक म्हयन्यांनी त्याचा आवाज येवढा मोकळा ऐकला.

सून लई चिडली, पन स्वताच्याच हातावर. कोनावर वरडनार? खंडेनवमीला पुजलेलं दारातनं परत धाडायचं तिच्या बी धर्मात बसंना. चार मानसांनी मिळून रेडिओ आत नेला न् कॉट भायेर आली. कॉट आता गच्चीवर हाय, तिच्यावर कुरडया वाळतात.

मी सैपाकघरात, सिलेंडरच्या शेजारी, भुईवर. सकाळी उठायचं तर वट्ट्याला धरून उठते, येकदम जमत न्हाई. रेडिओ अजून वाजला न्हाई. पन ल्योक रोज त्याच्या म्होरं बसतो, वायरी सोडवतो, तोंडानं गुनगुनतो. भिंतीकडं तोंड करून पडत न्हाई. म्हनून मी काय बोलले न्हाई. नातीच्या मैतरनी येतात, रेडिओपाशी उभ्या ऱ्हाऊन फोटो काढतात. म्हनतात, "आजी, जरा बाजूला व्हा ना, जुना फील येत नाहीये."

तर वाचनाऱ्याला येकच सांगनं हाय. घरात मोठी वस्तू आनायची झाली, तर जिथं ठिवायची तिथं जे मानूस झोपतं, त्याला आधी तोंडानं इचारा. ते बहुतेक व्हयच म्हनंल. तरी बी इचारा.