सैल सोडलेला खांदा

अंथुर्ण्याच्या, म्हणजे माझ्या सासरच्या, गावदेवीवर माझा विश्वास होता, माझ्या सांध्यांवर नव्हता. लहानपणी अंगठा वाकवून मनगटाला टेकवला की मैत्रिणी चिंचा द्यायच्या. तेव्हा वाटायचं, देवानं आपल्याला इतरांपेक्षा काहीतरी जास्तीचं दिलंय. लग्नानंतर कुकरचं झाकण फिरवताना मनगट लचकायला लागलं, भाकरी थापताना बोटं निसटायला लागली, आणि एकदा तर नुसती चादर अंगावर ओढताना खांदा निखळला. बारामतीच्या डॉक्टरांनी समजावलं, की सांधे बांधून ठेवणारे पट्टे जन्मापासूनच सैल आहेत, म्हणून स्नायूंवर जास्तीचा ताण येतो आणि ते दुखतात. जड उचलू नका म्हणाले, आणि खांदा निखळला तर कुणाला ओढू देऊ नका, सैल सोडा.

पंचाईत ही, की यातलं काहीच दिसत नाही. मी चांगली धडधाकट दिसते. सासूबाईंना मी एक्स-रे दाखवला. त्यांना मी आत्या म्हणते. आत्यांनी तो उजेडात धरला, उलटा करून पाहिला आणि निकाल दिला, "फोटूत काय न्हाय, म्हंजी काय न्हाय." आम्ही नवरा-बायको बारामतीजवळ जळोचीला राहतो, सणावारालाच गावी जातो. पाण्याची कळशी उचलताना मी जरा कचरले, की आत्या भिंतीकडं बघून म्हणायच्या, "हल्लीच्या पोरी लई नाजूक." पुढं पुढं मलाच शंका यायला लागली, की खरंच दुखतं की मी नाटक करते? देवीला मी हात जोडून एवढंच म्हणायचे, बरी नाही केलीस तरी चालेल, पण आत्यांना एकदा तरी खरं वाटू दे.

नवरात्रात अष्टमीच्या आरतीचं ताट धरायचा मान आमच्या घराचा. पितळेचं भलंमोठं ताट, आत निरांजनं. त्या वर्षी आत्यांनी ते माझ्या हातात दिलं. नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. आरती निम्म्यावर आली आणि उजवा खांदा सरळ खाली उतरला. ताट शेजारच्या पारूमावशींनी वरच्यावर झेललं. मी किंचाळले. केस सुटले, डोळे फिरले, दातओठ खात मी कळांनी डोलायला लागले. माझ्या कपाळावर कुणीतरी मूठभर हळदीकुंकू फासलं, संबळवाल्यानं ठेका वाढवला, आणि बायका एका सुरात ओरडल्या, "आई आली! अंगात आली!"

"हात धरू नका!" मी ओरडले.

"आई म्हणती, हात धरू नका!" एकीनं पुकारलं, आणि सगळ्या बायका झटक्यात मागं सरल्या. डॉक्टरांचा हा सल्ला आमच्या घरात कुणी कधी ऐकला नव्हता, इथं सगळ्या देवळानं ऐकला.

"अहो, मी आहे, मी!" म्हटलं, तर ओळीनं हात जोडले गेले. पारूमावशींनी तर पुढं होऊन विचारलं, "आई, माजी म्हस गाभण हाय का न्हाय?"

"मला काय माहीत? डॉक्टरला दाखवा!"

"दाखवती, आई, उद्याच दाखवती."

मग आत्या समोर आल्या. पदर दोन्ही हातांत धरलेला. आवाज इतका हळू, की मला तो त्यांचा वाटेना. "आई, माज्या सूनबाईला खरंच दुखतं का गं?"

कळांनी जीव जात होता, तरी ते ऐकून मला रडू फुटलं. "खरंच दुखतं हो, आत्या," मी म्हटलं. "रोज दुखतं. फोटोत येत नाही, पण दुखतं."

आत्या खाली वाकल्या आणि त्यांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं. सासूनं सुनेच्या पाया पडायचं! मी गडबडून त्यांना उठवायला वाकले. उजवा हात नुसताच लोंबत राहिला, त्याचा मला विसरच पडला, आणि टक् असा आवाज होऊन खांदा आपोआप जागेवर बसला. मी शांत झाले. बायका म्हणाल्या, आई गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या स्वतः भाकऱ्या थापत होत्या आणि मला त्यांनी नुसतं लसूण सोलायला बसवलं होतं. मला राहवेना. म्हटलं, "आत्या, काल माझ्या अंगात काही आलं नव्हतं."

"ठावं हाय मला," तव्यावरची भाकरी उलटत त्या म्हणाल्या. "देवी मला आत्या म्हणंल व्हय?"

"मग पाया कशाला पडलात?"

त्यांनी भाकरी टोपल्यात टाकली. मग म्हणाल्या, "सुनंला इचारायला जीभ रेटत न्हाय, बाई. देवीला इचारता येतं."

त्या अष्टमीला देवळात कोण आलं होतं आणि कोण नव्हतं, हे मला सांगता यायचं नाही. मी मागितलं ते मला मिळालं, एवढं खरं. सांधे होते तसेच आहेत. पारूमावशींची म्हैस गाभण निघाली, आणि तेव्हापासून त्या मला रस्त्यात दिसल्या की चप्पल काढतात.

गेल्या अष्टमीला आरतीचं ताट पुन्हा माझ्या हातात आलं. भीतीनं मी ते घट्ट आवळून धरलं, तशी मनगटं ठणकायला लागली. तेवढ्यात खालून दोन खरबरीत हात आले आणि ताट हलकं झालं. मी देवीकडं बघत होते, कानाशी आत्यांचा आवाज आला, "सैल सोड गं. मी धरलंय."