पीटीच्या बाई

मार्गित नेनी पीटीच्या बाई नव्हत्या.

त्या आज सकाळी इथे हॅमिल्टनमध्ये वारल्या. दुपारपर्यंत आपल्या मराठी ग्रुपवर 'अ ग्रेट स्पोर्ट्स टीचर' असं लिहून, खाली पणतीची इमोजी लावून झालीसुद्धा. म्हणून हे आधी.

हंगेरीत 'गिम्नाझियुम' म्हणजे हायस्कूल. युनिव्हर्सिटीत जायचं असेल, तर मुलं तिथे शिकतात. नेनी तिथे गणिताच्या खास तुकडीला शिकवायच्या.

'नेनी' म्हणजे काकू. तिकडे बाईंना तसंच म्हणतात.
माझ्या आईने पहिल्यांदा विचारलं होतं, "नेने? पुण्याच्या का?"

२०१३ साली आम्ही पाच मराठी मुलं शनिवारी हॅमिल्टनच्या रोटोटुना भागातल्या त्यांच्या गॅरेजमध्ये जायचो. त्यांना तशीच तुकडी इथे उभी करायची होती. एक गणित घ्यायचं. एकाने बोर्डवर मांडायचं, बाकीच्यांनी खोडून काढायचं. उत्तर त्या सांगायच्या नाहीत.

त्यासाठी भांडणारी मुलं लागतात, म्हणायच्या. एकट्याने होत नाही.

पहिली टेस्ट झाली. मला चार मिळाले, सोहमला एक.

हंगेरीत पाच म्हणजे सर्वांत वर. एक म्हणजे नापास.

सोहमच्या बाबांना, दिलीपकाकांना, हे माहीत नव्हतं. विचारावंसंही वाटलं नाही. एक म्हणजे पहिला, दुसरं काय असणार? (माझ्या घरी 'चौथी कशी आलीस' हे झालंच.)

काका मिल्क पावडरचे पेढे घेऊन गॅरेजमध्ये आले. नेनींनी एक खाल्ला आणि कशाबद्दल ते विचारलं. काकांनी अभिमानाने सांगितलं.

नेनी म्हणाल्या, "आमच्याकडे एक मिळाला की पालकांना बोलावतात. तुम्ही आपणहून आलात. छान."

आम्ही हसलो. सोहमही हसला.
तेच भोवलं.

मराठी मंडळाच्या पुढच्या पॉटलक जेवणाला काकांनी जाहीर केलं की ही बाई स्वतःच सांगते, जिम्नॅशियममध्ये होते म्हणून. उड्या मारायला शिकवणारी गणित काय शिकवणार?

काका इंजिनिअर. ऐकणारेही बहुतेक इंजिनिअर. खिशात फोन सगळ्यांच्या. एकानेही शोधून पाहिलं नाही.

मी सांगितलं, की तो शब्द हायस्कूलसाठी आहे.

"बेटा," काका म्हणाले, "इंग्लिश आम्हालाही येतं."

पुढच्या शनिवारी गॅरेजमध्ये मी एकटी.

नेनींनी रिकाम्या खुर्च्या पाहिल्या. मार्कर माझ्या हातात दिला आणि स्वतः सोहमच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

मी मांडायला लागले, की त्या भांडायच्या. मुद्दाम चुकीचं बोलायच्या, तेही हट्टाने. मी खोडून काढेपर्यंत सोडायच्या नाहीत.

माझी शाळा संपेपर्यंत वर्ग असाच चालला. त्यांची तुकडी पुन्हा कधी जमली नाही.

आता मी ईस्ट टामाकीतल्या एका कंपनीत मशीनचे कंट्रोल प्रोग्राम लिहिते. सहकाऱ्यांच्या रिव्ह्यूमध्ये कुणी भांडलं नाही, तर मला माझ्याच कोडवर भरवसा वाटत नाही.

दिलीपकाका, ती पणतीवाली पोस्ट तुमची. वाचली.
हंगेरियन पद्धतीने, एक.
पेढे वाटू नका.

नेनी, पाच तुम्ही मला कधीच दिले नाहीत.

तुम्हाला माझ्याकडून पाच.

मान्य नसेल, तर खोडून काढा.