काही पानं झाकली आहेत

दुसऱ्याच्या भानगडी स्वतःच्या डोक्यावर घेऊन हिंडणारा माझ्या साडूइतका अस्वस्थ माणूस अख्ख्या आलापल्लीत नसेल. चंद्रपूरही धरायला माझी हरकत नाही. घर चालायचं त्याच्या इंटरनेट कॅफेतल्या चार संगणकांवर, आणि हा काळजी करायचा परदेशाची. चहा उभ्यानंच, तोही अर्धा. जेवतानासुद्धा लक्ष दाराकडे. एकदा पेपरात आलं, की कुठल्याशा देशात धंदा टिकावा म्हणून इंटरनेटवर शोधून देणारी एक बडी कंपनी तिथल्या सरकारला नको असलेली पानं लोकांना दाखवतच नाही. झालं! मूल गावी माझ्या पुतणीच्या लग्नात भर पंगतीत यानं वाढप्याला अडवलं. "भाऊ, मागतलं ते दाखवत नाई, अन् लपवलं हे बी सांगत नाई, हे कोन्तं दुकान?" वाढप्याला वाटलं, जिलेबी लपवल्याचा आळ आपल्यावर येतोय. त्यानं घाबरून आणखी चार वाढल्या.

पुढे ते खूळ त्याच्याच दारी चालून आलं. पोलीस ठाण्यातल्या एका साहेबांनी बजावलं, जंगलातल्या चळवळीची पानं कॅफेत उघडता कामा नयेत, नाहीतर कुलूप ठोकू. बायकोच्या तोंडाकडे बघून साडूनं मान डोलावली आणि संगणकांवर 'फॉरेस्ट' हा शब्दच बंद करून टाकला. सागाच्या जंगलातल्या आलापल्लीत! सागवानाचा लिलाव गायब, वनखात्याची भरती गायब. खुद्द साहेबांच्या मेहुण्याला वनरक्षकाचा निकाल दिसेना. मी पोट धरून हसलो. म्हटलं, "तूही कंपनीच झालास की!" तो हसला नाही. ताट तसंच ठेवून उठला.

सकाळी कॅफेच्या दारावर पाटी लागली: 'हुकुमावरून इथी काही पानं झाकली आहेत.' झाकण्यावर साहेब खूश होते, पाटी पाहून मात्र भडकले. "पाटी काढ आणि खुशाल चालव," म्हणाले. माझी मेहुणी रडकुंडीला आली. "काढून टाका ना जी. घर कसं चालन?" साडू दिवसभर येरझारा घालत राहिला. शेवटी म्हणाला, "झाकलं तं झाकलं. पन झाकलंच नाई, असं मले नाई सांगता येत." आणि कुलूप त्यानं स्वतःच लावलं.

आता तिथे तो झेरॉक्स काढतो. ठेवाल ते पूर्ण उमटतं, तेव्हा सुखात असावा. मी मात्र घरी संगणकावर काही शोधतो, ते सापडत नाही, आणि माझाच जीव थाऱ्यावर राहत नाही. ते मुळात नव्हतंच, की कुणी झाकलं? पाटी लावून सांगायला तिथे साडू नसतो.