मिठावर ठेवलेली पेटी

परवा वर्गातल्या एका मित्राने विचारलं, तू लिहितोस ते पेन्सिलने का? मी म्हटलं, सवय. त्याला तेवढं पुरलं. मला मात्र ते उत्तर खोटं वाटत राहिलं, म्हणून ही हकीकत लिहून काढतो आहे. मी लेखक आहे असं म्हणायला माझी जीभ अजून रेटत नाही, हे आधीच सांगतो.

आमचं घर बाळकुमचं. आई-बाप दोघंही मिठागरावर. आमच्या घरात अंगठ्याऐवजी सही करणारा मी पहिला, आणि कॉलेजात गेलेला तर अख्ख्या आळीत पहिला. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली होती तेव्हा मी मुंबईच्या कॉलेजात इंटरला होतो. सकाळचे तास आटोपून दुपारी परत यायचं आणि आगरावरच्या झोपडीत राखणीला बसायचं. वाफ्यांतलं पाणी उन्हाने आटत असतं तेव्हा माणसाच्या हाताला काम नसतं. त्या वेळात पोराने अभ्यास करावा म्हणून बापाने मला तिथे बसवलं होतं. मी तिथे बसून कथा लिहीत होतो.

पाठकोरे कागद, पुडीची निळी शाई आणि टाक. रोज दोन पानं लिहायची, आवडली नाहीत तरी फाडायची नाहीत, असा नियम मी मनाशी केला होता. ऊन उतरलं आणि आई-बाप मीठ ओढायला आले की टाक पुसून पुस्तक उघडायचं. बाप लांबूनच ओरडायचा, "किती वाचतस रं! डोलं जातील!" मी मान खाली घालायचो.

त्या उन्हाळ्यात ठाण्याला तळ्याजवळच्या एका छोट्या साप्ताहिकाच्या संपादकांकडे धीर करून गेलो. त्यांनी माझी दोन पानं उभ्यानेच वाचली. म्हणाले, "हात वाईट नाही. गणपतीच्या आत सहा कथा आणा. दिवाळी अंकात एखादी घेता येते का पाहू." मी रस्ताभर ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत घरी आलो. त्यातलं 'पाहू' मी हळूहळू गाळून टाकलं.

जूनमध्ये निकाल लागला. इंग्रजी आणि तर्कशास्त्र, दोन्हींत नापास.

बाप ओटीवर बसला होता. म्हणाला, "वर्सभर काय केलंस आगरान?"

"लिहीत होतो."

"काय?"

"गोष्टी."

"गोष्टी?" तो आईकडे वळला. "आयकलंस? आपन मीठ वढतोय, आनि यो गोष्टी सांगतोय. कोनाला सांगतोस? कावल्यांना?"

मी संपादकांचं सांगितलं. छापून येणार आहे, अंकात नाव येणार आहे, असं सगळं सांगितलं. बापाने ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गनपतीपर्यंत थांबतो. त्यांनी घेतलं तर पुन्हा फी भरीन. नाय तर मोहने गावच्या कारखान्यान तुज्या मामाने जागा बघून ठेवलीय. मंग कालेज बंद."

एवढं सोपं होतं ते. सहा कथांवर माझं कॉलेज टांगलेलं होतं, आणि सहाही कथा तयार होत्या. संपादकांची मुदत गणपतीची होती, म्हणून मी निश्चिंत होतो.

त्या कथा कुठे होत्या ते आता सांगायला हवं. आमच्या घराची कौलं गळायची. आळीतल्या सगळ्यांचीच गळायची. पण हंगामाच्या शेवटी उरलेलं मीठ ज्या झोपडीत रास करून ठेवत, तिचं छप्पर मात्र दरवर्षी नव्याने शाकारलं जाई. माणसं भिजली तर सुकतात, मीठ भिजलं तर वर्ष जातं. गावातलं सगळ्यात घट्ट छप्पर मिठाचं. म्हणून पावसाआधी मी कथांची पत्र्याची पेटी तिथे नेली. जमिनीची ओल लागू नये म्हणून ती मिठाच्या राशीवर, अगदी वर ठेवली. दाराची कडी लावताना मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं.

गणपतीला पंधरा दिवस असताना पेटी आणायला गेलो. छप्पर एका थेंबानेही गळलं नव्हतं. पण पेटीच्या बुडाला हात लावला तर पत्रा बिस्किटासारखा तुटला. राशीला पाणी सुटलं होतं. पेटीच्या आत एक निळा, जड, चिकट गोळा होता. वरचं पान सोडवायला गेलो तर ते बोटांवर आलं.

मी किती वेळ तिथे बसलो ते आठवत नाही. रडलो नाही. एकच विचार फिरत होता: मॅट्रिकच्या परीक्षेत मी लिहिलं होतं की मीठ हवेतली आर्द्रता शोषून घेतं. त्याचे पूर्ण गुण मिळाले होते.

तो गोळा पंच्यात बांधून घरी आणला. आईने उघडून पाहिला. तिला वाचता येत नव्हतं, पण काय झालं ते तिला मी सांगायच्या आधी कळलं.

"मिठावर ठेवलंस?"

"छप्पर चांगलं होतं."

"आरं बाला, मीठ पावसाल्यान रडतं. वरून पानी कशाला पायजे त्याला? आपल्या घरान मीठ चुलीवरच्या फलीवर का ठेवते मी?" मग गोळा पुन्हा पंच्यात बांधत म्हणाली, "इतका शिकलास, आनि हे नाय शिकलास."

ते ती टोचून बोलली नव्हती. म्हणूनच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून आठवून लिहायला बसलो. दौतीकडे बघवेना, म्हणून धाकट्या बहिणीची पेन्सिल घेतली. बसलो आणि घाबरलो. सहांपैकी चार कथा मला आठवतच नव्हत्या. त्यांत बंगले होते, पेटी वाजवणाऱ्या मुली होत्या, पुण्याहून येणारी पत्रं होती. मी कधी बंगल्यात गेलेलो नव्हतो. ती वाक्यं वाचनालयातल्या पुस्तकांतून उचललेली होती, ती जशी आली तशी गेली. दोनच राहिल्या. एक मिठाची पाटी वाहून डोक्यावरचे केस गेलेल्या बाईची, आणि दुसरी एका राखणदाराची. त्याही पहिल्यासारख्या आल्या नाहीत. बाई पहिल्या वेळी पानभर रडली होती. या वेळी ती फक्त पदर सारखा करत राहिली. बरं झालं की वाईट, मला ठरवता आलं नाही. मला सहा हव्या होत्या. चार दिवस नुसता कोऱ्या कागदापुढे बसून राहिलो.

गणपतीच्या आदल्या दिवशी दोन कथा घेऊन ठाण्याला गेलो.

"मी सहा म्हणालो होतो," संपादक म्हणाले.

"भिजल्या."

"होतकरू लेखकांच्या कथा भिजतात, हरवतात, उंदीर खातात. कधी एखाद्याने सांगावं, लिहिल्याच नाहीत." ते हसले. पण त्यांनी बाईची कथा शेवटपर्यंत वाचली, बसून वाचली. "ही ठेवतो. आश्वासन देत नाही. यंदाचा अंक जवळजवळ भरला आहे."

बाप ओटीवरच होता. "घेतली?"

"ठेवून घेतली."

"म्हंजे घेतली?"

या वेळी 'पाहू' गाळायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं. "म्हणजे नाही," मी म्हटलं. "यंदा नाही."

त्याने मान हलवली. चिडला असता तर बरं झालं असतं. "मंग गौरी गेल्या की मोहन्याला जा," तो म्हणाला आणि उठून गेला.

मी मोहन्याला गेलो. त्या दिवाळीच्या अंकात माझी कथा नव्हती. पुढच्याही नव्हती. पाळी सुटल्यावर रोज दोन पानं पेन्सिलने लिहितो, आठवड्याने ती न बघता पुन्हा लिहितो, आणि दुसऱ्यांदा जे आठवत नाही ते सोडून देतो. यंदा पगारातून इंटरचा फॉर्म पुन्हा भरला आहे, रात्रीच्या वर्गाला बसतो. लिहिणं पुढे होईल की नाही, ते माहीत नाही.

मोहन्याला निघायच्या सकाळी मी उरलेली राखणदाराची कथा कुठे ठेवावी म्हणून घरभर बघत होतो. आईने ती हातातून घेतली. चुलीवरच्या फळीवरून मिठाचं मडकं खाली काढलं आणि त्या जागी कागद ठेवले.

"धुरानं काले व्हतील," मी म्हटलं.

"व्हवंदे," ती म्हणाली. "सुकं तरी रातील."